जुंपलेल्या बैलांची साक्ष

१

पोळ्याची सकाळ. इचोड्यात जो तो आपली जोडी घेऊन नाल्याकडे निघालेला. अशा वेळी दीपमालाने आपल्या नेटवर्कच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि आत पाय टाकताच तिची नजर कपाटाकडे गेली. कपाटातल्या यंत्रावर रोज लुकलुकणारा हिरवा दिवा विझलेला होता.

तिने कपाटाचं काचेचं दार उघडलं. हैदराबादहून येणारी मुख्य लाइन ज्यात खोचतात, ते बोटभर लांबीचं मॉड्यूल जागेवर नव्हतं. पिवळी वायर नुसतीच लोंबत होती. अडीअडचणीला म्हणून खणात ठेवलेलं जोडीचं मॉड्यूलही कोणीतरी नेलं होतं.

कुलूप शाबूत होतं, खिडकीची जाळीही. म्हणजे चोर चावीनेच आत शिरला होता. तिच्या स्वतःच्या चावीखेरीज आणखी तिघांकडे चाव्या होत्या आणि ते तिघेही तिच्या रोजच्या बैठकीतले.

दुसऱ्या एखाद्या दिवशी तिने कपाळाला हात लावून हैदराबादहून नवीन माल मागवला असता आणि विषय संपला असता. पण आज दुपारी पेटीवाल्या कंपनीचा माणूस, धम्मपाल, येणार होता. नार्नूरला दुसरी पेटी ठेवायची ती दीपमालाच्या हवाली करायची की उटनूरच्या नेटवर्कवाल्याच्या, हे ठरवायला. खोली सुरक्षित नाही असं त्याच्या मनात भरलं, तर नार्नूरची पेटी राहिली बाजूलाच, इचोड्याची होती तीही तो उचलून नेणार. मग वडिलांच्या मागे एवढ्या जिद्दीने उभा केलेला धंदा बसलाच म्हणायचा.

कपाटाचं दार लावता लावता तिला त्याच्या मुठीवर पिवळा डाग दिसला. तिने बोट लावून वास घेतला. लोणी आणि हळद.

२

ती पेटी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय दीपमालाचा जीव का कासावीस झाला ते कळायचं नाही.

पूर्वी इचोड्यात कोणी मोबाइलवर मालिका लावली की ती थेट हैदराबादहून यायची. शेजाऱ्याने तीच लावली की पुन्हा तिथूनच, पुन्हा वेगळी. सगळ्या गावाचा भार एका बारीक लाइनवर. दिवेलागण झाली की घरोघरी पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं आणि लोक दीपमालाच्या वडिलांच्या, भगवंतरावांच्या नावाने बोटं मोडायचे. मग कुठल्यातरी डोकेबाज माणसांना सुचलं की रस्ता रुंद करत बसण्यापेक्षा माल गावातच आणून ठेवावा. ठोक किराणावाला मिठाची पोती एकदाच आणून ठेवतो आणि घरोघरची माणसं त्याच्याकडून पावशेर नेतात, तसंच हे. मालिका हैदराबादहून एकदाच यायची, पेटीत साठायची आणि गावाने ती पेटीतून पाहायची.

एवढ्याशा युक्तीवर केवढा धंदा उभा राहिला म्हणता! मालिकावाल्यांनी मालिका बनवायच्या आणि त्या पोहोचवायचं काम या साठवणवाल्या कंपन्यांना द्यायचं. कंपन्यांनी आधी मुंबई, हैदराबाद, मग नागपूर अशा पेट्या मांडल्या. गावोगावी पाहणारे वाढले तशा त्या हायवेच्या कडेला ट्रक थांबतात अशा इचोड्यापर्यंत येऊन पोहोचल्या. आता तर एकेका गावासाठी कंपन्यांत चढाओढ लागलेली. दीपमालाला या धंद्याचा मनापासून अभिमान होता. पेटी आली त्या संध्याकाळी गोल चक्र थांबलं, तेव्हा ती खोलीतच रडली होती आणि ते तिने कोणापासून लपवलंही नव्हतं.

तिने उद्धवमामांना बोलावलं. उद्धवराव तिच्या आईचे चुलत भाऊ. सारी हयात तहसिलीत पेशकार म्हणून जबान्या लिहून घेण्यात गेलेली. जमिनीच्या भांडणात कोण खोटं बोलतोय हे त्यांना माणूस खुर्चीवर बसायच्या आतच कळायचं, असं लोक म्हणत. मामा स्वतः ते कधी नाकारत नसत.

मामा आले ते वेगळ्याच तणतणीत.

"कोन लिहिते या मालिका?" त्यांनी खुर्ची ओढली. "काल 'पैलतीरची सून'चा शेवटचा भाग पाह्यला. पोळ्याचा दिवस दाखवला अन् बैल गाडीले जुपले! पोळ्याले! त्या शहरातल्या लोकायले कोनी सांगतलं नाही का, का त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही?"

"मामा, तुमाले डुलकी लागली असन," दीपमाला म्हणाली. "मी काल नार्नूरले होती, मोबाइलच्या डाट्यावर पाह्यला. बैल तोरनाखाली उभे होते. झुली घालून, शिंगं रंगवून."

"डुलकी मले? माह्या घरात तुहीच लाइन हाये. सगळ्या गल्लीनं पाह्यलं, इचार कोनालेबी."

दीपमालाला वाद घालायला वेळ नव्हता. तिने झाली हकीकत सांगितली आणि मुठीवरचा डाग दाखवला. काल खांदमळणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लोणी-हळदीने बैलांचे खांदे चोळतात. म्हणजे ज्याने कपाट उघडलं त्याने थोड्याच वेळापूर्वी बैलाचा खांदा चोळला होता.

"गेली कवा लाइन?" मामांनी विचारलं.

"तेच समजून नाही राह्यलं. लाइन गेली की गावभरातून फोन येते. मले समजते तेच तसं. काल एकबी फोन नाही आला."

मामांचा हात मिशीवर थांबला. "लाइन नाही अन् फोनबी नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "बोलव तिघायले. एकेकाचं बयान घेऊ. अन् पोरी, चोरीचं मी काहीच इचारनार नाही. तू मधात बोलू नको."

३

पहिली आली नीलिमा. ही काउंटर सांभाळायची, लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची. तिचा नवरा अलीकडेच उटनूरच्या त्याच दुसऱ्या नेटवर्कात कामाला लागला होता, त्यामुळे दीपमालाला तिच्याकडे बघताना अवघडल्यासारखं झालं. नीलिमाच्या नखांत हळद अजून पिवळीधमक होती.

"काल संध्याकाळी काय केलं?" मामांनी अगदी पाहुणचाराच्या सुरात विचारलं.

"काय करन? जोडीचे खांदे चोळले, सैपाक केला, मंग सासूबाईसंग मालिका पाहत बसली. पन त्यायनं शेवटपर्यंत पाहूच नाही देली. बैल जुपलेले दिसले अन् फोनच पालथा घातला. म्हने, असलं अभद्र घरात नको. मले शेवट काय झाला तोच नाही समजला, मामा."

"तुह्या नवऱ्याचं बरं हाये ना उटनूरले?"

नीलिमाचा चेहरा उतरला. "बरं हाये. पन रोज म्हनते, दीपाताईच्या इथली पेटी आमच्याकडं यायले पायजे. मी म्हनतो, ज्याची त्याले लखलाभ."

मामांनी मान हलवून तिला जायला सांगितलं.

दुसरा करण. खोली ज्यांच्या मालकीची त्यांचा हा मुलगा. बिल वसुली आणि नवीन गिऱ्हाइकं आणायचं काम त्याचं. त्याच्या वडिलांना ही हायवेलगतची खोली रिकामी हवी होती, मोबाइलचं दुकान टाकायला. दीपमालाचा खरा संशय त्याच्यावरच होता आणि तो आत येतानाच घाम पुसत आला.

"घरीच होतो," तो म्हणाला. "बैलाचे खांदे चोळून राह्यलो होतो."

मामांनी त्याचे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. नखं स्वच्छ. "हळद तर दिसत नाही, बेटा. साबन चांगला हाये तुमच्याकडं."

करणने हात मागे ओढून घेतले. सापडला, असं दीपमालाला वाटलं.

"मामा, बाबाले सांगू नका," तो हळूच म्हणाला. "मी गोठ्यात गेलोच नाही. दोस्ताच्या घरी मालिका पाहत बसलो होतो. बाबाले समजलं तर सनासुदीचं घर डोक्यावर घेते."

"पाह्यलं काय मंग?"

"पोळ्याचा सीन आला अन् बैल गाडीले जुपलेले! आमी सगळे हासलो. दोस्ताचा आजा तर फोनलेच शिव्या देत होता."

"तुह्या दोस्ताकडं लाइन कोनाची?"

"आपलीच. मीच लावून देली."

मामांनी त्यालाही जाऊ दिलं. दीपमाला वैतागली. "मामा, तो खोटं बोलला. तुमच्यासमोर बोलला."

"बापाच्या भेवानं बोलला. त्या खोट्याचं वजन वेगळं असते." मामा दाराकडे बघत होते. "आता तिसरा."

४

तिसरे देवानंदकाका. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे दीपमालाला घरच्या देव्हाऱ्यावर संशय घेण्यासारखं वाटत होतं. भगवंतरावांनी डिश लावून केबल सुरू केली, तेव्हा वायरीचं पहिलं बंडल खांद्यावर घेऊन खांबावर चढलेला माणूस हा. पावसात, चिखलात, कुठेही लाइन तुटली की लोक म्हणायचे, देवानंदले फोन लावा. भगवंतराव गेले आणि धंदा दीपमालाकडे आला, तरी त्यांचं चढणं सुटलं नाही. पेटी आल्यापासून मात्र तक्रारीच थांबल्या आणि काका बहुतेक वेळ खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले दिसत.

"काका, काल कुठं होते?" मामांनी विचारलं.

"घरीच. कुठं जाऊ?"

"मालिका पाह्यली?"

"पाह्यली ना. सगळ्या गावानं पाह्यली." काकांचा चेहरा जरा खुलला. "शेवट लय चांगला केला. ते तोरनाखाली बैलाची जोडी उभी हाये, अंगावर झूल, शिंगाले बेगड. पाहून जीव भरून आला."

दीपमालाने काकांकडे वळून पाहिलं. का, ते तिला अजून कळलं नव्हतं. तिने पाहिलेलं दृश्य हेच होतं, एवढंच तिला जाणवलं.

"तुमच्याकडं बैल नाही ना, काका?" मामा म्हणाले.

"माह्याकडं कुठचे बैल? दोन खोल्या हायेत."

मामा काही बोलणार तोच दीपमालाचा फोन वाजला. धम्मपाल होता, निर्मल गाव मागे टाकून इचोड्याच्या रस्त्याला लागलेला.

"दीपमालाताई, एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "काल 'पैलतीरची सून'ची पहिली प्रत चुकीची गेली होती. बैल जुंपलेले होते म्हणे. निर्मात्यांनी तासाभरात सुधारलेली प्रत पाठवली, मालिका सुरू व्हायच्या आत आम्ही ती सगळ्या पेट्यांत बदलली. तुमच्या पेटीत आली ना?"

दीपमालाने काहीतरी उत्तर देऊन फोन ठेवला. देवानंदकाकांकडे बघायचं तिने टाळलं.

५

"काका, जरा बाहेर बसा," मामा म्हणाले. देवानंद बाकावर जाऊन बसले. मामांनी दार लोटलं.

"आता तूच सांग," ते भाचीला म्हणाले. "पेटी तुही हाये. मी तर फकस्त बैलायचं इचारून राह्यलो."

दीपमालाने एकेक धागा जोडायला घेतला. पहिली प्रत मालिका सुरू होण्याआधीच पेटीत येऊन बसली होती. त्यानंतर लगेच मॉड्यूल निघालं, मुख्य लाइन मेली. मुख्य लाइन गेली की छतावरचं जुनं वायरलेस आपोआप चालू होतं, पण त्यावर पाहणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड जेमतेम पुढे सरकतात, अख्खा भाग त्यावरून येत नाही. त्यामुळे सुधारलेली प्रत पेटीत पोहोचलीच नाही. इचोड्यात तिच्या लाइनीवर ज्याने ज्याने काल मालिका पाहिली, त्याला बैल जुंपलेलेच दिसले. मामांना, नीलिमाच्या सासूबाईंना, करणच्या दोस्ताच्या आजोबांना. तोरणाखालचे बैल दिसायचे तर माणूस दुसऱ्या वाटेने, मोबाइलच्या टॉवरवरून पाहत असायला हवा.

"अन् काकाच्या गल्लीत टॉवरची रेंजच येत नाही," ती म्हणाली. "म्हून तर त्यायच्या घरी पयलं कनेक्शन देलं होतं. घरी असते तर बैल जुपलेलेच दिसले असते."

"मंग घरी नव्हते."

"पन ती हळद, मामा? त्यायच्याकडं तर बैल नाही."

"तुह्याकडं हायेत ना?"

दीपमाला थबकली. दरवर्षी खांदमळणीला तिच्या गोठ्यातल्या जोडीचे खांदे चोळायचे ते देवानंदकाकांनीच. वडिलांनी पाडलेला रिवाज. खांदे चोळून झाले की बैलांच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आणि मग वडील तेच देवानंदांकडे वळून म्हणायचे आणि नवा सदरा त्यांच्या हातात ठेवायचे. माह्या लाइनीचा खांदा तू हायेस बाप्पा, असं म्हणून. काल संध्याकाळी दीपमाला नार्नूरला होती. आवतण द्यायला कोणी नव्हतं. सदरा आणायचं तर तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ती उठली आणि तिने स्वतःच दार उघडलं.

देवानंदकाका बाकावर नव्हते. बाकावर दोन मॉड्यूलं आणि एक चावी ठेवलेली होती.

६

ते फार लांब गेले नव्हते. खोलीमागच्या खांबाला टेकून उभे होते. याच खांबावर ते पहिल्यांदा चढले होते.

"तुहं नुकसान नव्हतं करायचं, पोरी," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मले वाटलं, मालिका चालू झाली अन् लाइन बंद पडली का सगळं गाव बोंबलन. देवानंदले फोन लावा म्हनन. घरी रेंज नाही, म्हून हायवेच्या ढाब्यावर जाऊन बसलो. फोन आला का धावत येईन, लाइन चालू करीन, अन् सकाळी तो कंपनीवाला येईन तवा लोक सांगतीन का देवानंद हाये म्हून चालते." त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला, जणू अजूनही वाट बघत होते. "ढाब्यावाल्याच्या फोनवर पुरी मालिका पाहून झाली. कोनाचाच फोन नाही आला."

दीपमालाला रागवायचं होतं. राग आलाही होता, दिवसच तसा होता. पण गावभर लाइन मेलेली आणि एकाही घरातला पडदा थांबला नाही, ही तिच्या पेटीची केवढी शाबासकी होती. त्याच शाबासकीने हा माणूस ढाब्यावर एकटा बसून मोडला होता. दोन्ही गोष्टी तिला एकाच वेळी कळल्या. काका मान खाली घालून घराकडे गेले.

तिने मॉड्यूल जागेवर बसवलं. हिरवा दिवा लागला.

दुपारी धम्मपाल आला. हा बेज्जूरकडचा, जंगलातल्या गावात वाढलेला आणि त्या गावात अजून पेटी पोहोचलेली नाही. लपवाछपवी करायचं दीपमालाच्या मनात आलं नाही असं नाही. पण तिने सगळं सांगितलं, नाव मात्र घेतलं नाही. आपल्याच माणसाने केलं, चूक माझीही आहे, एवढंच म्हणाली. धम्मपालने पेटीतली कालची नोंद पडद्यावर उघडली आणि ओळीओळीने वाचली.

"लाइन नव्हती आणि एकाही घरातली मालिका तुटली नाही," तो म्हणाला. "ताई, आम्ही हे कागदावर सांगत फिरतो. खरं झालेलं मी पहिल्यांदा बघतोय. काल तुमच्या गावातून तक्रार आली ती कशाची, माहीत आहे? बैलांची." तो हसला, मग गंभीर झाला. "खोलीला दोन कुलपं लावा, दोन माणसांच्या चाव्यांनी उघडतील अशी. नार्नूरची पेटी तुमच्याकडेच येईल. पण तिथवरची लाइन तुम्हाला ओढावी लागेल. कापसाच्या रानातून, नाल्यांवरून. पेटी पोहोचेपर्यंत सगळं खांद्यावरच असतं. आहे कोणी तसा माणूस?"

"हाये," दीपमाला म्हणाली.

संध्याकाळी गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. सजवलेल्या जोड्या ओळीने उभ्या राहिल्या, डफ वाजायला लागले. उद्धवमामा फोनवर 'पैलतीरची सून'चा शेवट पुन्हा पाहत होते. आता त्यांच्याही फोनवर बैल मोकळे उभे होते आणि ते शेजाऱ्याला ओरडून सांगत होते, सुटले, सुटले. गर्दीच्या पार कडेला, जुन्याच सदऱ्यात, देवानंदकाका एकटे उभे होते.

त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो दचकून कानाला लावला.

"देवानंदकाका," तोरणाच्या पलीकडून दीपमाला बोलत होती. तिच्या काखेत कापडाच्या दुकानातलं पुडकं होतं. "आवतन काल द्यायचं राह्यलं. आज घ्या अन् आजच जेवाले या. खोलीची चावी तुमाले एकट्याले भेटनार नाही, ते आताच सांगून ठेवतो. अन् उद्या आराम करा. परवा नार्नूरची लाइन ओढाले घ्यायची हाये, अन् ते मले जमत नाही."

काका हो म्हणणार होते. तेवढ्यात तोरण तुटलं आणि सगळ्या जोड्या घराकडे धावल्या. फोन कानाला तसाच धरून तेही त्यांच्यामागे निघाले.